जिने वाचलं तिने हात लावायचा नाही

"ए, हात लावू नकोस. तू वाचलंयस."

रोहनने कीबोर्ड माझ्या बोटांखालून ओढून घेतला. मी एकच ओळ टाइप केली होती. सकाळपासून चौघं एका चुकीपाशी अडकून बसले होते. मला ती चूक बाहेरचं बोलणं ऐकून केबिनमध्ये बसल्या बसल्या कळली होती, आणि राहवलं नाही. उठले, दार उघडलं, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, वाकले आणि ओळ लिहिली. प्रोग्राम चालला. सगळ्यांनी पाहिलं, चालला.

रोहनने ती ओळ खोडली. मागून पुढे, एकेक अक्षर करत. मग केदार सरांकडे बघितलं. सर जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाले, "तिला आत जाऊ दे. मेल्विन, तू तिच्याकडून तोंडी समजून घे."

मी आत गेले. मेल्विन दारात येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं काय करायचं ते. त्याने जाऊन रोहनला सांगितलं. रोहनने टाइप केलं.

तीच ओळ. तेच शब्द, तेच कंस. काचेतून मला दिसत होती. प्रोग्राम चालला आणि बाहेर टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, "आता क्लीन." सगळे हसले आणि चहा मागवला.

आता हे काय प्रकरण होतं ते नीट सांगते. फक्त कॉम्प्युटरवाल्यांनाच कळेल असं यात काही नाही.

वसईजवळच्या सातिवलीच्या कारखान्यांत प्लास्टिकच्या बादल्या, डबे, झाकणं ओतणारी मशिनं आहेत. त्यातल्या जुन्या मशिनांना हुकूम द्यायची एक भाषा आहे. परदेशातल्या एका कंपनीने ती बनवलेली. कुठल्या शब्दाचा अर्थ काय, तो कुठे चालतो, चुकला तर मशीनने काय करायचं, हे सगळं एका जाडजूड दस्तऐवजात लिहिलेलं आहे. त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात. त्या भाषेचं व्याकरण आणि कायदा एकत्र, असं धरा. ते वाचायचं तर आधी स्वतःचं नाव नोंदवावं लागतं आणि अटी मान्य कराव्या लागतात. मजकूर कुणाला द्यायचा नाही. नक्कल काढायची नाही. वाचून त्या भाषेसाठी स्वतःचं काही साधन बनवायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी मागायची.

आमचं ऑफिस माणिकपूरला, रिक्षा स्टँडसमोर, कपड्याच्या दुकानावर. केदार सरांच्या मनात होतं की या भाषेसाठी एक खुला कंपायलर बनवायचा. म्हणजे त्या भाषेत लिहिलेलं मशीनला समजावून देणारं साधन. ओपन सोर्स. कोड सगळ्या जगासाठी उघडा. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. कारखानदार आपली जुनी मशिनं भंगारात न घालता चालवू शकतील. कल्पना चांगली होती. आजही मी तिला चांगलीच म्हणते.

ओपन सोर्समध्ये आणखी एक गोष्ट असते. कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, त्याचं नाव तिथे राहतं. कायमचं. पुढची नोकरी देणारा माणूस सर्टिफिकेट बघत नाही, ते नाव बघतो. माझ्यासारखीला, जी विरारच्या साध्या कॉलेजातून शिकली, जिच्या घराण्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा तिनेच उघडला, तिला ते नाव म्हणजे सगळं होतं. त्या नावासाठीच मी तिथे नोकरी धरली होती.

परवानगी मागायची का, यावर पहिल्याच बैठकीत बोलणं झालं. सर म्हणाले, मागायला गेलो की त्यांच्या डोळ्यावर येणार, कशाला उगाच. त्याऐवजी दुसरी पद्धत वापरू. एकाच माणसाने स्पेसिफिकेशन वाचायचं आणि भाषा कशी वागते ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. बाकीच्यांनी, ज्यांनी ते पान कधी पाहिलेलंच नाही, त्यांनी कोड लिहायचा. मग नक्कल केली असं कुणी म्हणू शकत नाही. याला क्लीन रूम म्हणतात. जगभर वापरतात आणि तिच्या जागी ती पद्धत ठीक आहे. वाचणारा एकीकडे, लिहिणारे दुसरीकडे, मध्ये भिंत.

मग वाचणार कोण? सरांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. तुझं वाचन चांगलं आहे, चिकाटी आहे, म्हणाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चंदनसारला घरी जाताना पेढे नेले. आईला सांगितलं, ऑफिसातलं सगळ्यात अवघड पुस्तक मला वाचायला दिलंय. तिने पेढा आधी फोटोपुढे ठेवला.

अटींचं पान उघडल्यावर मी ते सगळं वाचलं. रोहन हसला. हे कोणी वाचतं का, खाली जाऊन 'मान्य' दाबायचं, म्हणाला. मी वाचलं आणि सरांना विचारलं, इथे नाव माझं जातंय, कंपनीचं नाही. उद्या काही झालं तर? सर म्हणाले, काही होत नाही गं. मी 'मान्य' दाबलं. जे काही अंगावर यायचं ते माझ्या एकटीच्या अंगावर. बाकी सगळे नामानिराळे.

पाण्याचे बाटले आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची एक केबिन होती, काचेची. ती रिकामी करून मला दिली. बाहेर सगळे एका लांब टेबलाला. मी बाहेर आले की स्क्रीन वळायचे; ती ओळ खोडली त्या दिवशी गडबडीत तेवढं राहून गेलं होतं. जेवायला बसले की लॅपटॉप मिटायचे. काही विचारायचं असेल तर मेल्विन यायचा. मेल्विन इथल्याच एका गावातला, ख्रिस्ती मराठी घरातला, वडील शाळामास्तर. मनाने चांगला. दर वेळी दारात उभा राहून आधी "सॉरी हं" म्हणायचा, मग प्रश्न विचारायचा. उत्तर घेऊन बाहेर जायचा.

सुरुवातीला मी म्हटलं, पद्धत आहे. पाळायला हवी. मग हळूहळू पद्धतीची मस्करी झाली. अंतर ठेव रे, ती वाचून आलीय. तिच्या माऊसला हात लावलास ना, आता तुझा पण कोड गेला. एकदा मुंबईहून पाहुणे आले होते. सरांनी सगळ्यांची ओळख करून दिली. केबिनपाशी आल्यावर हसून म्हणाले, "आणि ही आमची कंटॅमिनेटेड मेंबर." पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? मला माहीत होतं कुणीतरी म्हणेल. माझी जात त्या ऑफिसात सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच कळली होती. आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं, "म्हणजे नक्की कुठले?" हेही विचारून झालं. रोहन एकदा म्हणाला होता, तुमचं एक बरं असतं. काय बरं असतं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

ती ओळ खोडली त्या दिवशी मी घरी आले तेव्हा आई वाल सोलत होती. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसले आणि वाल सोलायला घेतले. सोलता सोलता सगळं सांगितलं. भाषा, पुस्तक, काच, ओळ. तिला सगळं कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वाचल्यावर हात नाय लावायचा?"

मी म्हटलं, हो, तसा नियम आहे.

आई पूर्वी वसईच्या पश्चिमेला एका वाडीत कामाला जायची. मी लहान होते. केळी, फुलं, आणि मागच्या अंगाला पानमळा. त्या वाडीबद्दल ती फार बोलत नसे. मजुरी मिळायची, वाडीवालीण वाईट नव्हती, एवढंच सांगायची. त्या दिवशी मात्र तिने सांगितलं. डोक्यावर खताची पाटी घेऊन ती पानमळ्याच्या बांधापर्यंत जायची. तिथे पाटी ओतायची. पुढचं खत आतला माणूस आत न्यायचा.

"पानमल्यात आमाला नाय जायचा," ती म्हणाली. "वेल बाटतो म्हनायचे. खत आमच्या हातचा चालायचा. पान नाय."

मी सोलायची थांबले. ती थांबली नाही. सोलता सोलताच तिने विचारलं, "तुझ्या सायबान नाय वाचला कदी ता पुस्तक?"

नाही वाचलेलं, मी म्हटलं. म्हणून तर मला दिलं.

तिने मान हलवली आणि वालाची भांडी उचलून आत गेली. मला झोंबलं. शिकलेली मुलगी म्हणून ती मला मिरवायची. वस्तीतल्या विहारात ती सगळ्यांना सांगायची, माझी पोरगी कॉम्प्युटरची विंजिनेर आहे. आणि मी तिला येऊन काय सांगितलं? की मीही बांधावरच उभी आहे.

कंपायलर तयार झाला. माणिकपूरलाच एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. सातिवलीचे कारखानदार आले, वसई-विरारच्या कॉलेजांतली मुलं-मुली आली, मुंबईचे काही लोक आले. मला पाहुण्यांच्या नावांचे बिल्ले वाटायचं काम दिलं होतं. ते झाल्यावर मी शेवटच्या रांगेत बसले, सामोशांच्या टेबलाजवळ.

पडद्यावर नावं आली. हा कोड ज्यांनी लिहिला त्यांची. सगळ्यात वर केदार सर, कारण कंपायलरचा गाभा त्यांनी स्वतः लिहिला होता. मग रोहन. मग बाकीचे. मेल्विनचं पण होतं. माझं नव्हतं. नसणार हे मला ठाऊक होतं. तरी मी शेवटपर्यंत बघत राहिले. वेडी आशा असते माणसाला.

मग प्रश्न सुरू झाले. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, सर, इतकी अवघड भाषा तुम्ही शिकलात कशी? सर रंगात आले होते. माईक दोन्ही हातांत धरून म्हणाले, "खरं सांगू का? अमेरिकेत शिकत होतो तेव्हा याचं स्पेसिफिकेशन मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं होतं. अजून कलमं पाठ आहेत." आणि त्यांनी एक कलम म्हणून दाखवलं. घडाघडा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हे मला कळलं, कारण त्या अख्ख्या हॉलमध्ये ते कलम वाचलेलं आणखी एकच माणूस होतं.

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. माझ्याजवळ माईक नव्हता. लागला नाही.

"सर, मग तुम्हाला विटाळ नाही झाला का?"

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतली डोकी मागे वळली. सरांना पहिल्यांदा कळलंच नाही, किंवा कळूनही त्यांना वेळ हवा होता. म्हणाले, ते फार जुनं आहे, तो माझा अनुभव आहे.

"तुम्ही वाचलं तर अनुभव. मी वाचलं तर कंटॅमिनेशन," मी म्हटलं.

"हे पर्सनली घेऊ नकोस. आपण बाहेर बोलू."

"बाहेरच उभी होते इतके दिवस. इथेच बोला."

त्यांनी माईक खाली ठेवला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने घाईघाईने चहापानाची घोषणा केली. माणसं उठली. काही माझ्याकडे बघत गेली, काही न बघता. एक कारखानदार जवळ येऊन म्हणाले, बेटा, अशा चांगल्या दिवशी असं बोलू नये. मी त्यांना विचारलं, मग कुठल्या दिवशी बोलू? ते सामोशाची बशी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. पहिल्यांदाच त्यांच्या समोरच्या खुर्चीत. त्यांनी माफी मागितली. त्या शब्दाबद्दल, मस्करीबद्दल. मनापासून मागितली असेल. मग समजावलं. त्यांनी वाचलं तेव्हा अटी त्यांच्या विद्यापीठाने मान्य केलेल्या होत्या. विद्यार्थी नुसते ग्रंथालयात बसून वाचायचे. त्यांचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. माझं मात्र नोंदलेलं आहे. म्हणून माझ्या बाबतीत काळजी घ्यावी लागते. तू हुशार आहेस, तुला कळेल, म्हणाले.

कळलं. चांगलंच कळलं. त्यांच्या आणि त्या अटींच्या मध्ये एक अख्खं विद्यापीठ उभं होतं. ज्याच्या मागे अशी मोठी भिंत असते त्याने काहीही वाचावं, त्याला काही लागत नाही. माझ्याकडे विद्यापीठ नव्हतं. माझ्याकडे फक्त माझं नाव होतं, तेच मी तिथे दिलं, आणि तेच माझ्यावर उलटवलं. आणि दिलं ते कुणासाठी? यांच्या कोडसाठी. मी ते पान वाचण्याआधी अटी वाचल्या होत्या. त्यात परवानगी मागा असं लिहिलं होतं. वाचणारा बाटतो असं एका ओळीतही लिहिलेलं नव्हतं. ते परदेशातून आलेलं नव्हतं. ते इथलं होतं, माणिकपूरच्या त्या ऑफिसात आधीपासून होतं.

सर म्हणाले, शेवटच्या पानावर 'विशेष आभार' म्हणून तुझं नाव टाकू. मी म्हटलं, आभार नकोत. मी काम केलंय, उपकार नाही. रोहन मागेच उभा होता. एका नावासाठी एवढं, म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं नाव पडद्यावर दुसरं होतं. त्याला तसं म्हणणं परवडत होतं. मी बॅग उचलली आणि जिना उतरले.

पण प्रकल्प उघडा होता ना? सगळ्या जगासाठी उघडा. अशा प्रकल्पाचं एक सार्वजनिक पान असतं, तिथे कुणीही चूक दाखवू शकतं, प्रश्न विचारू शकतं, आणि तो सगळ्यांना दिसतो. मी तिथे लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण राग मला मराठीतच येतो. लिहिलं: 'या भाषेचं स्पेसिफिकेशन मी वाचलं आहे. मी सांगितलेल्यावरून हा कोड लिहिला गेला. प्रकल्पाच्या प्रमुखांनीही ते वाचलं आहे. हे त्यांनी भरल्या हॉलमध्ये स्वतः सांगितलं. नियम दोघांना एकच लावा. वाचलेल्याने लिहायचं नसेल, तर प्रमुखांनी लिहिलेला सगळा कोड काढून टाका. तो ठेवायचा असेल, तर माझी खोडलेली ओळ माझ्या नावाने परत घाला.' खाली सही. पूर्ण नाव. आडनावासकट.

मेल्विनचा फोन आला. घाबरला होता. म्हणाला, काढ ते. त्या परदेशातल्या कंपनीने बघितलं तर प्रकल्प बंद पाडतील. आणि तुझं नाव आहे गं त्यांच्याकडे, पहिली तूच सापडशील. तो खरं बोलत होता. मलाही भीती वाटली. रिक्षाच्या आवाजाने दचकावं इतकी वाटली. सातिवलीच्या ज्या लोकांची मशिनं या कोडवर चालायला लागली होती त्यांचाही विचार आला. मग मी जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं तेच केलं. त्या कंपनीला स्वतःच्या नावाने लिहिलं की मी वाचलंय, असा खुला प्रकल्प झालाय, सगळ्यांच्या वतीने परवानगी मागते. उत्तर आलेलं नाही. नाही म्हणतील, कदाचित कारवाई करतील. ते म्हणतील त्याला मी तोंड देईन, पण उजेडात. कुणाच्या आडोशाला बसून नाही, आणि कुणाला माझ्या आडोशाला बसू देऊन तर नाहीच.

माझ्या मजकुराखाली लोकांनी लिहिलं. टेक्नॉलॉजीत जात आणू नका, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. मी आणली नाही. मी आत गेले तेव्हा ती आधीच खुर्ची टाकून बसलेली होती. काहींनी लिहिलं, क्लीन रूम म्हणजे काय हे हिला कळलेलं नाही. मला कळलंय. क्लीन रूमची भिंत वाचणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या मध्ये असते. वाचलेले सगळे भिंतीच्या एकाच बाजूला हवेत. इथे वाचलेले दोघं होते. एक भिंतीपलीकडे पाण्याच्या बाटल्यांच्या जागी बसली, दुसरे सगळ्यात वर नाव लावून बसले.

मग एके दिवशी मेल्विनने खाली लिहिलं, 'हे खरं आहे. तिचे शब्द नेऊन देणारा मी होतो.' स्वतःच्या नावाने लिहिलं. त्याची नोकरी अजून तिथेच आहे. मी त्याला फोन केला नाही. काय बोलणार? पण ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, सायब काय बोलला?

साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी माझा प्रश्न बंद केला, म्हणजे विचारात न घेताच मिटवला. 'तांत्रिक विषय नाही' असा शेरा मारून. मी नवा घातला, तेच शब्द, तीच सही. त्यांनी तोही बंद केला. मी तिसरा घातला.

"परत करतील बंद," मी आईला म्हटलं.

"तू परत लाव," ती म्हणाली. "माज्यासारकी पाटी ओतून मागारी नको येव."

लावणार. मी आता सातिवलीत एका छोट्या युनिटमध्ये कामाला आहे, त्यांच्या मशिनांवर. संध्याकाळी घरी आले की आधी ते पान उघडते. त्यांनी बंद केलेलं असलं की पुन्हा घालते. पगारवाढ, आभार, माफी, बाहेर बोलू, हे काही मला नको. मी वाचलंय आणि मी लिहिलंय. एक तर त्यांचा कोड निघेल, नाही तर माझं नाव लागेल. तिसरं काही मी घेणार नाही.